व्याह्याची बंद मोटार

धुळ्याहून निरोप आला तो असा होता: सुनेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं असेल तर खुशाल न्या, पण ती आगगाडीच्या गर्दीतून जाणार नाही आणि उघड्या मोटारीत वारा खातही जाणार नाही. बंद टपाची, काचा लावलेली मोटार घेऊन या. निरोप आणणारा माणूस जाता जाता उंबऱ्याशी थांबला आणि अगदी सहज आठवल्यासारखं म्हणाला, "नाना त्यांची जुनी सलून मोटार विकून टाकणार आहेत. नवी सांगून ठेवलीय मुंबईला. तुम्हांला पाहायची असेल तर पाहा म्हणाले."

नाना म्हणजे माझे व्याही. धुळ्यातले सरकारी रस्त्यांचे मोठे ठेकेदार. मी पन्नास वेळा फसलोय आणि त्यातून सौदा शिकलोय, त्यामुळे निरोपाचा अर्थ मला लगेच कळला. मोटार घेतली तर मुलगी येईल, नाही घेतली तर येणार नाही.

दुसऱ्या कुठल्या घरानं असं केलं असतं तर मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं. पण त्या घरातली थोरली सून पहिल्या खेपेला माहेरी पाठवली नव्हती. बाळंतपण सासरीच झालं, घरच्या सुईणीच्या हातून. ती त्यातून उठली नाही. ही गोष्ट आम्हांला लग्नानंतर कळली. तेव्हापासून माझी बायको रात्री झोपेतून उठून बसायची आणि मुलीला कितवा महिना ते बोटांवर मोजायची.

"गाडी घेऊन टाका," ती म्हणाली. "आणि हे पाहा, तिथं तोंड उघडू नका. तुम्ही घासाघीस करायला लागलात की पोर तिथंच अडकेल."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं झालं असतं. लहानाला गप्प बसवता येतं."

नानांशी माझं जुनं दुखणं होतं. लग्नाच्या दिवशी वरात निघाली तेव्हा हीच सलून फुलांनी मढवून दारात उभी होती. मागच्या सीटवर जागा होती. मी दार उघडायला गेलो, तर नाना सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "व्याह्यांना पुढं बसवा ड्रायव्हरजवळ. गाडीवान माणूस, त्यांना तिथंच बरं वाटेल." लोक हसले. मी असोद्याहून जळगावच्या सरकी काढायच्या जिनात कापसाच्या बैलगाड्या हाकत होतो हे खोटं नाही. त्या गाड्यांवरूनच मी दलालीत आलो, दलालीतून कापसाची लॉरी घेतली, सुरुवातीची वर्षं ती स्वतः चालवली, आणि आता जिनात माझा हिस्सा आहे. यातलं काहीच मी लपवत नाही. पण मुलीच्या लग्नात मला कोणी त्यावरून हसावं असं मी काही केलेलं नव्हतं. मी पुढं बसलो. तेव्हापासून ते हसणं माझ्या कानात आहे.

चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला पोचलो. सोबत दशम्या, पाण्याचा तांब्या आणि लॉरीच्या दिवसांपासूनची माझी हत्यारांची पिशवी. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही तोंडाला लावत नाही, आणि तिच्या घरची वस्तू तर मूल झालं तरी फुकट उचलत नाही. नानांच्या अंगणातल्या लिंबाखाली बसून मी माझ्या तांब्यातलं पाणी प्यायलो आणि मग मोटारीकडं गेलो.

गडद हिरवा रंग, अमेरिकन बनावट, चार दारं. दुरून पाहिली तर कलेक्टरच्या बंगल्यासमोर शोभावी अशी. नाना ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. खाकी कपड्यातला त्यांचा ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता. ओसरीमागच्या दाराला पडदा होता. पडद्याखाली मला मुलीचे पाय दिसले. जोडवी घातलेले, सुजलेले पाय. ती तिथं उभी राहून ऐकत होती.

मी मोटार कापसासारखी पाहतो. कापूस विकणारा वरचा थर दाखवतो, आपण कोपरापर्यंत हात घालून तळातला मूठभर काढायचा. आधी मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"सकाळी सकाळी कुठं जाऊन आलात का, नाना?"

"छे. का?"

"इंजिन तापलंय."

ड्रायव्हर म्हणाला, "तेल फिरवून ठेवलंय, साहेब."

म्हणजे थंड इंजिन किती वेळा हँडल मारल्यावर उठतं ते मला कळू नये. ही पहिली खूण मी मनात घातली. मग चारी टायर पाहिले. पुढचे दोन बरे होते, मागच्या दोहोंवर नवं रबर चढवलेलं होतं आणि ते कडेनं सुटू लागलं होतं. मागची एक काच निम्म्यात अडकत होती. मागची दारं पुढच्या बाजूनं उघडणारी, बिजागरी मागं. चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा ते दार असं फेकून देतो की आतला माणूस बाहेरच जावा. मी खटका दाबून पाहिला, ढिला होता. गादीचं कातडं ठीक, छताला दिवा, खिडक्यांना निळे पडदे, समोर एक गोल घड्याळ. मैल मोजणारा आकडा फारच थोडे मैल दाखवत होता. पण त्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. पायाखालच्या पेडलांची रबरं पाहतो. क्लचचं रबर झिजलेलं होतं आणि ब्रेकचं त्याच्या दुप्पट झिजलेलं होतं. ड्रायव्हरचा पाय जड आहे, ब्रेक फार मारतो, असा मी त्याचा अर्थ लावला आणि तीही खूण मनात घातली.

"गॅलनला किती मैल जाते?"

"ते आम्ही मोजत नाही," नाना म्हणाले.

"मला मोजावं लागतं."

"अठरा देते साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "उतार असला तर वीस."

ड्रायव्हरचे अठरा म्हणजे चौदा. त्यात दर महिन्याचं तेल, दोन टायर लगेच, नगरपालिकेचा कर, काच. मी मनात आकडा धरला. मग ड्रायव्हरनं मला आग्रा रोडवर एक चक्कर मारून आणली. गाडी दमदार होती, चढावर कुरकुरली नाही. फाटकात येऊन त्यानं ती थांबवली आणि तो उतरला. त्याच क्षणी मी त्याच्या जागी बसलो, ब्रेक दाबला, तो दगडासारखा घट्ट लागला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा गाडी जागच्या जागी उभी राहिली. ब्रेकबद्दल माझं समाधान झालं.

"बोला," नाना म्हणाले. "दीड हजार. घरातलीच गोष्ट म्हणून."

"अकराशे," मी म्हणालो.

बायकोनं जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते मी केलं. पण समोरच्यानं आकडा सांगितला आणि मी तो खाली ओढला नाही असं कधी झालेलंच नव्हतं. जीभ आपोआप चालते. मी टायर सांगितले, काच सांगितली, दाराचा खटका सांगितला. नाना नुसते हसत होते. ते हसणं मला सोसवेना. मी म्हणालो, "नाना, खरं सांगू? या गाडीत नीट चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घड्याळ."

ड्रायव्हर फिसकन हसला. नानांचे कान लाल झाले. त्यांनी आरामखुर्चीचे हात धरले आणि अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "व्याही, गाडी पसंत नसेल तर राहू द्या. जबरदस्ती नाही. सून इथंच राहील. आमच्याकडंही सुईण आहे."

पडद्याखालचे पाय हलले नाहीत. पण त्यांतल्या एका पायाची बोटं आत वळली आणि तशीच राहिली.

कापसाच्या बाजारात मला कोणी धमकी दिली तर मी उठून चालायला लागतो, आणि निम्म्या वेळा तो माणूस मागून हाक मारतो. इथं उठून चालायची सोय नव्हती. मी उठलो असतो तर मागून हाक आली नसती, आणि महिन्याभरात तार आली असती.

"दीड हजार," मी म्हणालो.

सांगितलेली किंमत मी तोपर्यंत कुणालाही दिली नव्हती.

पैसे दिले, कागद झाले. आता नानांचा चेहरा उजळला. जिंकलेल्या माणसाला दानशूर व्हावंसं वाटतं. ते म्हणाले, "ड्रायव्हर जळगावपर्यंत घेऊन जा. त्याला गाडीची सवय आहे. पेट्रोलचा भरलेला डबाही घ्या. आमच्याकडून भेट समजा."

भेट! दीड हजार काढून घेतले आणि वर भेट. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मुलीच्या घरची काडीही मी फुकट नेत नाही, नाना. ड्रायव्हर नको. मी गाडीवान माणूस, माझी मी हाकतो."

ड्रायव्हर एक पाऊल पुढं आला. "पण साहेब, ती गाडी जरा..."

"राहू दे," नाना त्याला म्हणाले. "नको म्हणतात ना ते."

तो माणूस फडकं घेऊन मागं सरला. नानांना त्याचं वाक्य पुढं काय होतं ते माहीत होतं का? त्या दिवसापासून मी या एका प्रश्नावर किती वेळ घालवला असेल सांगता येत नाही. काही वेळा वाटतं, त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, ते मागं बसणारे. काही वेळा वाटतं, सगळं माहीत होतं.

मुलगी बाहेर आली. चेहऱ्यावर सूज, डोक्यावरून पदर. सासऱ्यांच्या पाया पडली. तिच्याबरोबर अक्का निघाल्या. अक्का म्हणजे नानांची विधवा बहीण. बाळंतपण होईपर्यंत त्या आमच्याकडं राहणार होत्या, सुनेची काळजी घ्यायला असं म्हणाले, पण खरं म्हणजे आमच्या घरातलं सगळं पाहायला आणि धुळ्याला कळवायला. त्यांच्या मांडीवर एक मोठं गाठोडं होतं आणि त्यातून एरंडेलाचा वास येत होता. दोघी मागं बसल्या. मी ढिल्या खटक्याचं दार माझ्या उपरण्यानं आतून बांधून टाकलं.

"हाई काय?" अक्कांनी विचारलं.

"वारा लागू नये म्हणून."

गाव संपता संपता समोर गवताची गाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला, जसा चिखलात जातो तसा. काहीच झालं नाही. मी घाबरून पुन्हा दाबला आणि दुसऱ्यांदा ब्रेक लागला. गवताच्या गाडीपासून हातभर अंतरावर मोटार थांबली.

तेव्हा ते झिजलेलं रबर मला कळलं. ड्रायव्हर दर वेळी दोनदा दाबत होता. आणि फाटकात त्यानं दाबून उतरल्या उतरल्या मी बसलो, म्हणून मला घट्ट लागला. ब्रेकचं तेल कुठंतरी गळत होतं.

परत फिरायला एवढीशी जागा हवी होती, आणि ती रस्त्याला होती. मी स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसलो. परत गेलो तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हणणार, ब्रेक खराब आहे. नाना म्हणणार, घ्यायच्या आधी तुम्हीच पाहिला ना? मी आवाज चढवणार, कारण माझा आवाज चढतोच. आणि ते मुलीला खाली उतरवून घरात नेणार. दुरुस्ती होईपर्यंत राहू द्या, घाई काय आहे? तिला पुन्हा बाहेर काढता आलं नसतं.

मागं पाहायच्या छोट्या आरशात मी पाहिलं. मुलगी माझ्याकडं पाहत नव्हती. ती माझ्या पायाकडं पाहत होती. मी गिअर टाकला आणि पारोळ्याच्या दिशेनं निघालो.

मी लॉरी चालवलेली आहे, त्यात कापूस होता. कापूस उलटला तर उलटला. इथं मागं काय होतं ते मला सारखं आठवत होतं. उतार दिसला की मी आधीच गिअर खाली आणायचा, इंजिनच्या ओढीवर गाडी रोखून धरायची, आणि पाय सतत ब्रेकवर दाबत राहायचा, लागो न लागो. दोन्ही पायांच्या पोटऱ्या दगड झाल्या. एप्रिलसारखा घाम आला, आणि होते दिवाळीनंतरचे दिवस. प्रत्येक उताराच्या आधी आरशात मुलीचा हात वर जायचा, ती छताजवळचा पट्टा धरायची आणि डोळे मिटायची. मला उतार दिसायच्या आधी कधी कधी तिला दिसायचा. म्हणजे तिलाही माहीत होतं. अक्कांच्या शेजारी बसून ती ते बोलू शकत नव्हती आणि मी विचारू शकत नव्हतो. आम्ही बापलेक एका गाडीत एकच भीती घेऊन चाललो होतो आणि मधे अक्का बसल्या होत्या.

"व्याही," अक्का म्हणाल्या, "इतलं हळू कसाले चालावतस? तो देखा, गाडा बी पुढे चालना गया!"

खरंच एक बैलगाडी आम्हांला मागं टाकून गेली. गाडीवानानं वळून पाहिलं आणि तो हसला.

"पोटुशी बाई आहे, अक्का. धक्का नको."

"हा, ते बी खरं शे," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "मना भाऊ ऱ्हाता तर आतेपावत पारोळा इ जाता."

मी दात आवळून बसलो. त्यांचा भाऊ असता तर आतापर्यंत आम्ही सगळे एखाद्या नाल्यात असतो, हे ओठांवर आलेलं मी परत गिळलं.

पारोळ्याला किल्ल्याजवळच्या विहिरीपाशी थांबलो. अक्का तोंड धुवायला खाली गेल्या. मुलगी दारात टेकून उभी राहिली. ती घाईघाईनं, ओठ न हलवता बोलली.

"आबा, तो ड्रायव्हर दोनदा दाबतो."

"कळलं मला. तुला केव्हापासून माहीत?"

"देवीला गेलो होतो तेव्हा एकदा गाडी भिंतीला लागली. तेव्हापासून." ती थोडी थांबली. "आबा, मला परत नका नेऊ."

"गप. परत कोण नेतंय?"

"तुम्ही रागावलात की परत फिरता, म्हणून सांगितलं."

अक्का वर आल्या आणि आम्ही दोघंही बैलजोडीच्या किमतीबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

एरंडोलच्या अलीकडं एक नाला आहे. रस्ता दोन्ही बाजूंच्या दरडींमधून खाली उतरतो, तळाशी रेती, आणि समोरून तसाच चढ. मी वरून पाहिलं तेव्हा समोरून कापसाच्या भरलेल्या गाड्यांची रांग उतरत होती आणि पहिल्या दोन गाड्या आमच्या बाजूच्या चढाला लागल्या होत्या. मी दुसऱ्या गिअरवर उतरायला सुरुवात केली आणि ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा. काही नाही. पायाखाली नुसती हवा होती. हातब्रेक ओढला, तो मोडक्या बिजागरीसारखा सैल वर आला. मोटार वेग धरू लागली.

भीतीनं माणूस ओरडतो असं म्हणतात. माझ्या पोटातून जे निघालं ते ओरडणं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी मी गाडी हाकताना समोरच्या गाडीवानांना जी हाळी घालायचो तीच निघाली, लांब, नाकातून. त्या गाडीवानांनी ती ओळखली. मोटारीचा भोंगा ऐकून त्यांचे बैल रस्त्याच्या मधोमध बुजले असते. हाळी ऐकून दोघांनीही बैल एका बाजूला दाबले. मी पहिल्या गिअरमध्ये घालायला पाहिलं, गिअर किंचाळला, एकदा बाहेर फेकला गेला, दुसऱ्यांदा बसला. डावं चाक मी दरडीच्या मातीला घासत नेलं. खडे उडाले, काचेवर आपटले. बैलाचं शिंग मला खिडकीतून दिसलं, इतकं जवळ. मग खालची रेती आली, मोटार तिच्यात नाक खुपसून शिरली आणि थांबली.

इंजिन बंद पडलं. मला मागं वळून पाहायचं होतं आणि मान वळेना. मानेचं हाड मोडलंय की काय असं वाटलं. ते मोडलेलं नव्हतं. मागं काय दिसेल त्याची मला भीती वाटत होती.

"पाणी पेवाले थांबनात का?" अक्कांचा आवाज आला.

मग मुलीचा. "मी बरी आहे, आबा."

तेव्हा कुठं मान वळली. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. चेहरा पांढरा, पण ती माझ्याकडं पाहून हसायचा प्रयत्न करत होती, अक्कांसाठी.

गाडीवानांनी बैल लावून मोटार रेतीतून ओढली. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही कोठचे गाडीवान?" मी म्हणालो, असोद्याचा. ते मला मोटारवाला समजत होते, आता त्यांनी मला बिडी दिली. मी ती ओढली.

पायाखालची फळी उचलून पाहिलं, तर ब्रेकच्या तेलाची डबी कोरडी ठणठणीत. लॉरीवर असताना मी पाहिलं होतं की अडचणीत एरंडेल आणि थोडा स्पिरिट घालून ब्रेक काही मैल चालतात. स्पिरिट माझ्या हत्यारांच्या पिशवीत होतं. एरंडेल अक्कांच्या गाठोड्यात होतं, बाळंतपणासाठी आणलेलं. सकाळी मी या घरचा ड्रायव्हर नाकारला होता, पेट्रोल नाकारलं होतं. आता मला त्यांच्याच घरचं तेल मागायचं होतं, आणि कशाला ते सांगायचं नव्हतं.

"अक्का, थोडं एरंडेल द्याल?"

"एरंडेल? तुम्हले कसाले?"

"दार कुरकुरतंय. बिजागरीला घालतो."

"मंग घ्या ना. घरनं शे."

"फुकट नको. किंमत सांगा."

अक्कांनी माझ्याकडं नीट पाहिलं. माझी गरज त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. "रुपया," त्या म्हणाल्या.

आण्या-दीड आण्याची बाटली. या वेळी मुलगी पडद्याआड नव्हती, समोरच बसली होती, आणि घासाघीस करायची सोय नव्हती. मी रुपया दिला. नानांचीच बहीण.

तेलानं ब्रेक अर्धामुर्धा आला. पुढचा सगळा रस्ता मी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं काढला. जळगावात शिरलो तेव्हा दिवे लागत होते. अंगणात गाडी उभी केली तेव्हा मला पाय ब्रेकवरून काढता येईना. बायकोनं मुलीला उतरवून आत नेलं, अक्का उतरल्या, आणि मी तसाच बसून राहिलो.

पुढच्या महिन्यात मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बायको माझ्यासमोर येऊन नुसती उभी राहिली आणि तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला. ब्रेकचे भाग मी मुंबईहून मागवले होते, ते अजून आले नव्हते. मोटार छपरात झाकून ठेवलेली होती.

बारसं झालं, सव्वा महिना सरला आणि नाना नात पाहायला आले; ब्रेकचे भाग तेव्हाही यायचेच होते. नातीकडं त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. ओसरीवर बसले, पान लावलं. आमच्याकडचे चार जण होते, अक्का होत्या. मुलगी मुलीला घेऊन आतल्या दाराशी बसली होती.

"मग," नाना म्हणाले, "गाडी काय म्हणते? घड्याळ चालतं ना अजून?"

सगळे हसले. अक्कांनी एरंडेलाची गोष्ट आधीच धुळ्याला पोचवली होती, त्यामुळे तेही आलं. "बिजागरीला तेल लागलं म्हणे!"

माझ्या छातीत जे होतं ते मी एका दमात बाहेर काढलं असतं तर त्या ओसरीवर कुणी बसून राहिलं नसतं. पोटुशी सून तुम्ही कुठल्या गाडीत बसवून पाठवलीत ते चौघांत सांगितलं असतं. आणि दोन दिवसांनी मुलगी त्याच घरात परत गेली असती, मुलगी घेऊन, मुलगा नाही.

"चांगली आहे गाडी," मी म्हणालो.

"पाहा! आणि तुम्ही उगीच नावं ठेवत होता." नानांनी पानाची देठं टाकली. "मग असं करा, परवा सूनबाईंना त्याच गाडीनं आणून सोडा. तान्हं मूल, आगगाडीची हवा नको."

चांगली आहे हे मीच म्हणालो होतो. आतून बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. मला त्या नाल्याचा उतार दिसत होता, आणि आता मागच्या सीटवर दोघी होत्या.

"मी आगगाडीनं येईन," मुलगी म्हणाली.

सासऱ्यासमोर ती तोपर्यंत कधी बोललेली नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता आणि आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

नानांनी तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "का हो?"

"मला त्या गाडीत भीती वाटते."

नानांचे कान पुन्हा लाल व्हायला लागले होते. मला वाटलं, आता संपलं. तिनं बोलायला नको होतं. मी उठायच्या बेतात होतो. मग नाना मोठ्यानं हसले. "भीती? कशाची? बापाच्या हातची?"

मुलीनं मान वर केली नाही. बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "हो."

नाना मांडीवर थाप मारून हसले. अक्का हसल्या. "हळू किती चालावतस ते! गाडाबी पुढे चालना गया व्हता!" नाना म्हणाले, "बरं बाई, आगगाडीनं ये. तुझ्या बापाच्या हाती आम्ही आमची नात कशी देणार?" त्या एका 'हो'नं तिनं त्यांची इज्जत राखली, स्वतःची सुटका करून घेतली, आणि सगळं माझ्या अंगावर टाकलं. दुसऱ्या कुणावर टाकता आलं असतं?

तिसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडलं. दुसऱ्या वर्गाची तिकिटं, खिडकीची जागा, सोबत अक्का, आणि चाळीसगावपर्यंत माझा भाऊ. गाडी सुटायच्या आधी ती म्हणाली, "आबा, रागावलात?"

मी म्हणालो, "तू सांभाळून राहा."

याला आता बरीच वर्षं झाली. लढाई आली आणि संपली. मुलीला नंतर दोन मुलं झाली, दोन्ही आमच्याकडंच, आगगाडीनं येऊन. तिचं त्या घरात बरं चाललंय असं ती सांगते आणि मी ते मान्य करतो. नाना अजून आहेत. धुळ्यात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मी दिसलो की ते शेजाऱ्याला कोपरानं ढोसून ती गोष्ट सांगतात: व्याह्यांच्या मोटारीत त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा बसत नाही, एवढी त्यांच्या हातची धास्ती! लोक हसतात. ते माझ्याकडं पाहतात, मी हसतो की नाही ते.

मी हसतो. ती त्या घरात आहे तोवर मी हसणार. प्रत्येक वेळी हसल्यावर पाटावर दुमडलेला माझा उजवा पाय काहीतरी दाबत असतो, आणि तो थांबवायला मला हात लावावा लागतो.